राघू कासऱ्याला लागतो

‘शांतपणे’ हा शब्द माझा. ते मी तेव्हाही नाकारलं नाही आणि आताही नाकारत नाही.

आमच्या नगरपालिकेनं कुत्र्यांबद्दल जी जाहीर नोटीस काढली, तिच्या मसुद्यात साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, की पाळीव कुत्रा रस्त्यावर आणताना मालकानं त्याला दोरीनं बांधून न्यावं. वाक्य मला लंगडं वाटलं. सतरा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचा हात अशा ठिकाणी शिवशिवतो. मी ‘बांधून’ च्या पुढे ‘शांतपणे’ घातलं आणि दुपारी चहाला घरी आलो तेव्हा सुलभाला, म्हणजे आमच्या मंडळींना, पूर्ण नोटीस वाचून दाखवली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण आपला राघू कुठं शांतपणे चालते?"

बायकांना मसुद्यातलं काही कळत नाही, असं मनाशी म्हणून मी चहा संपवला.

राघू हे पोपटाचं नाव आहे हे मला ठाऊक आहे. नाव सुलभानं ठेवलं, आणि तिनं ठेवलेलं नाव बदलण्याची पद्धत आमच्या घरात नाही. कुत्रा मोठा नव्हता. गव्हाच्या पायलीत बसवला असता तर शेपूट तेवढी बाहेर राहिली असती. पण दोरी लावून रस्त्यावर काढला, की ह्या पायलीभर कुत्र्याच्या अंगात रेडा शिरायचा. शेळ्या, सायकली, उघडलेल्या छत्र्या या सगळ्यांशी त्याचं वैर होतं. जळगाव जामोदकडे जाणारी एसटी आमच्या गावात दहा मिनिटं थांबते, ती दहाही मिनिटं राघू तिला शिव्या देत असे. गावाचं नाव मात्र सांगत नाही. नगरपालिका अजून तिथंच आहे आणि मीही तिथंच आहे.

नोटीस लागल्याच्या चौथ्या दिवशी मी कायद्याचं पालन करायला राघूला बांधून बाहेर काढलं. समोरून एक शेळी आली. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. राघू पुढे, मागे दोरी, दोरीच्या टोकाला मी, असे आम्ही अन्नपूर्णाबाईंच्या अंगणातून पलीकडे गेलो. अंगणात बाज होती आणि बाजेवर वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या. शेळी बाजेखालून गेली, राघू बाजेवरून गेला आणि मी मधून गेलो.

अन्नपूर्णाबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर त्यांचा अर्ज आला. अक्षर अर्जुनरावांचं होतं. अर्जुनराव म्हणजे आमच्या गल्लीतले रिटायर झालेले पोलीस जमादार. अर्जाचा सगळा भर एका शब्दावर होता. नोटिशीत ‘शांतपणे’ असं स्पष्ट लिहिलेलं असताना जानेफळकर यांचा कुत्रा शांतपणे चालत नाही, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी.

आवक नोंदवही माझ्याकडे. म्हणून माझ्याविरुद्धच्या अर्जाला आवक नंबर मीच दिला. त्यावर टिपण मी लिहिलं, साहेबांपुढे मी ठेवलं, साहेबांच्या हुकुमावरून नीळकंठ जानेफळकर यांना नोटीस मी काढली, घरी येऊन ती मीच मला बजावली आणि ‘मिळाली’ म्हणून सही करून दुसऱ्या दिवशी मीच फाइलला लावली. कामात कसूर केली नाही. उलट साहेबांनी ‘कुत्रा चालवून दाखवावा’ एवढंच सांगितलं असताना मी ‘न ओढता, न भुंकता, न अडता’ अशी भर घातली. खोड जात नाही हेच खरं. पंधरा दिवसांच्या आत राघूनं आमच्या घरापासून नगरपालिकेच्या फाटकापर्यंत साहेबांच्या समक्ष असं चालून दाखवायचं होतं. नाहीतर नगरपालिका त्याला ताब्यात घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला जंगलात सोडणार होती. त्या जंगलात बिबटे आहेत. राघूनं आयुष्यात दूधभाकरीशिवाय कशाची शिकार केलेली नव्हती.

आता साहेबांबद्दल सांगायला हवं. साहेब पुण्याचे. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. आम्ही आधी नागपूरच्या राज्यात होतो, मग मुंबईच्या, मग महाराष्ट्राच्या. खुर्चीवरून न उठता मी तीन राज्यांत नोकरी केली. पण पुण्याचा साहेब प्रथमच बघत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "जानेफळकर, घरपट्टीचं रजिस्टर आणलंत का?"

"हाव साहेब," मी म्हणालो. आमच्याकडे जन्मल्यापासून मरेपर्यंत माणूस दुसरं काय म्हणतो?

साहेबांनी चष्मा काढला. "हाव? कसली हाव? हाव म्हणजे लोभ. तुम्हाला कशाचा लोभ सुटलाय?"

सगळं ऑफिस हसलं. त्यातले अर्धे तरी त्या दिवशी साहेबांना हाव म्हणून चुकले होते. नंतर परिपत्रक निघालं, की कर्मचाऱ्यांनी कार्यालयात शुद्ध बोलावं. मसुदा मीच लिहिला. आणि लिहिलं ते पाळलंही. दोन वर्षांत माझ्या तोंडून हाव गेला आणि ‘हो’ आला. हो साहेब, हो पाठवतो, हो झालंच. हेडक्लार्कची जागा रिकामी व्हायची होती आणि साहेबांचा शेरा महत्त्वाचा होता, हेही सांगून टाकतो. सुलभा म्हणायची, झोपेतसुद्धा तुम्ही हो म्हणता.

पंधरा दिवसांतले पहिले तीन दिवस सल्ल्यांत गेले. कुत्र्याला शिस्त कशी लावायची हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, कुत्रा मात्र फक्त माझ्याकडे होता. अर्ज लिहून देणारे अर्जुनरावच पहिल्यांदा आले. "अर्ज आपल्या जागी, शेजारधर्म आपल्या जागी," म्हणाले, आणि दोरी हातात घेऊन लेफ्ट-राइट करत अंगणाच्या सात फेऱ्या मारल्या. राघू एका जागी बसून त्यांची परेड बघत होता. सातव्या फेरीला दोरी त्यांच्या पायांभोवती गुंडाळली गेली आणि जमादार तुळशीवृंदावनापाशी पडले. गल्लीतल्याच मंजुळाबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं राघू सोडून आम्ही सगळे खोकलो. कुणी म्हणालं, ओढाळ गुरासारखं गळ्यात लोढणं अडकवा. अडकवलं. लोढणं राघूपेक्षा वजनदार निघालं आणि तो त्याला टेकून झोपला. माझ्या दारात रोज माणसं जमायची, मुंज असल्यासारखी. सतरा वर्षांत मी गावात जी काय इभ्रत कमावली होती ती तीन दिवसांत खर्च झाली.

चौथ्या दिवशी तुळशीराम आला. तुळशीरामची बंडी, म्हणजे बैलगाडी, कापसाच्या जिनिंगवर चालते. त्यानं दारातच राघूची दोरी दोन बोटांनी उचलून पाहिली.

"काऊन जी बाबूजी, याले दोरी कायले लावून राह्यले? ही दोरी धुनं वाळत घालाची. याले कासरा पाह्यजे."

"तो बैल आहे का तुळशीराम?"

"बैल नाही तर गोऱ्हा समजा. गोऱ्हा कसा शिकवता तुमी? मानेवर जू ठेवलं का थो उधळते. मंग त्याले म्हाताऱ्या बैलाच्या बाजूनं चालवा लागते. म्हाताऱ्याची चाल पाहून थो आपोआप चालते. माह्या सरदाराच्या बाजूनं द्या याले नऊ दिवस."

सरदार हा त्याचा उजव्या बाजूचा बैल. वय त्याचं त्यालाही आठवत नसावं.

मला पटलं नाही. पण दिवस अकरा उरले होते आणि सुलभानं दोन दिवसांपासून भाकरी ताटात तशीच ठेवायला सुरुवात केली होती. तर रोज सकाळी आमच्या दारापासून जिनिंगपर्यंत एक मिरवणूक निघू लागली. बंडी, बंडीच्या आखाला कासऱ्यानं बांधलेला राघू सरदारच्या मागच्या पायांच्या बाजूनं, आणि मागे काळी टोपी घातलेला मी. "काय जी जानेफळकर, नोकरी सोडली का काय?" असं रोज निदान चौघे विचारत. मी वर मान करून चालत असे. माझ्या कुत्र्यासाठी मी चालत होतो, चोरी करत नव्हतो.

आणि खरोखर राघू सुधारला. सरदार शेळीकडे बघत नाही म्हणून राघू बघेना. सरदार एसटीला मोजत नाही म्हणून राघू मोजेना. नवव्या दिवशी मी कासरा हातात घेऊन एकटा त्याला बाजारापर्यंत नेलं. जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं की चालायचा, पावलं बैलाची टाकायचा, मान खाली. जिनिंगच्या हौदापाशी आला तेव्हा थांबून पाणी प्यायला, हा एक सरदारचा गुण त्यानं उचलला होता. मी त्याला उचलून छातीशी धरलं. मला त्याचा किती लळा लागला होता, हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुलभालाही नाही. आम्हाला मूलबाळ नाही आणि आम्ही त्याबद्दल बोलत नाही. राघूबद्दल मात्र आम्ही दिवसभर बोलायचो.

घरी आलो. अंगणात सुलभाला राघूची चाल दाखवत होतो.

"अहो," ती म्हणाली, "पाणी तापलं."

राघू उभा राहिला. खांबासारखा.

"आंघोळीला जाता ना?"

मी च्यक् केलं. राघू चालू लागला. "हो, जातो," मी म्हणालो. राघू उभा राहिला.

मग मला उमगलं. बैलाला थांबवायचं तर ‘होऽ’ म्हणायचं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. तुळशीराम नऊ दिवस तेच ओरडत होता आणि मी नऊ दिवस ते ऐकत होतो. माझ्या डोक्यात ते शिरलं नाही, राघूच्या डोक्यात पक्कं बसलं. हो म्हणजे थांब. कुणीही म्हणो, कुठंही म्हणो.

‘होय’ म्हणून पाहिलं. य येईपर्यंत राघू थांबलेला असे. सुलभानं माझ्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं, वाटीत ज्वारीचे दाणे टाकत गेली. दुपारपर्यंत माझे एकतीस हो झाले होते, आणि तो रविवार होता. घरी, साहेब नसताना.

मी तुळशीरामकडे धावलो. परीक्षा परवावर आली होती.

"शिकलेला बैल पुना नाही शिकवता येत बाबूजी," तो म्हणाला. "माणसाले शिकवता येते. तुमी हाव म्हना ना."

"साहेबांसमोर?"

"मंग काय साहेबाले जुंपाचं आहे?"

"तुला समजत नाही तुळशीराम. परिपत्रक आहे."

"तुमी जन्मले तवा परिपत्रक होतं काय?" असं म्हणून तो बैलांना पेंड द्यायला गेला.

परीक्षेच्या सकाळी साहेब नऊ वाजता माझ्या दारात आले. मागे अर्जुनराव साक्षीला, आणि अर्जदार म्हणून अन्नपूर्णाबाई थेट फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. सुलभा दारात होती. तिनं तोंडाला पदर लावला होता, चुकून अहो निघू नये म्हणून. मी च्यक् केलं आणि राघू चालू लागला.

साहेब माझ्या बरोबरीनं चालत होते. "जानेफळकर, हाच तो कुत्रा?"

मी रात्रभर विचार करून युक्ती काढली होती. "हाच," मी म्हणालो.

"बाईंच्या कुरडया यानंच तुडवल्या?"

"यानंच."

"तेव्हा दोरी तुमच्या हातात?"

"माझ्याच हातात होती," मी म्हणालो, आणि म्हणतानाच जीभ चावली. राघू रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिला. मराठीत ‘होती’ टाळून बोलणं किती कठीण आहे हे कधी करून बघा.

साहेबांनी कागद काढला. "न अडता, असं तुम्हीच लिहिलंय. एक अडणं माफ करतो. दुसऱ्यांदा अडला, तर गाडी तयारच ठेवली आहे."

खरंच ठेवली होती. फाटकाजवळ नगरपालिकेची गाडी उभी होती आणि तिच्यात रिकामा पिंजरा होता. मी च्यक् केलं. राघू पुन्हा चालू लागला.

पुढे जिनिंगचा रस्ता. तिथं सकाळी वीस-पंचवीस बंड्या असतात आणि प्रत्येक बंडीवाला दर मिनिटाला होऽ ओरडत असतो. मी मनातल्या मनात राघूला निरोप दिला. पण त्या रस्त्यावर एक आवाज नव्हता. बंडीवाले खाली उतरून आपापल्या बैलांची वेसण हातानं धरून उभे होते, तोंडं मिटून. एक बंडी उतारावरून दुसरीला जाऊन धडकली, तिचा मालक दातओठ खात राहिला पण बोलला नाही. तुळशीराम सरदारच्या मानेवर हात ठेवून दुसरीकडेच बघत होता.

"आज इथं इतकं गुपचूप कसं?" साहेब म्हणाले.

मी उत्तरादाखल च्यक् केलं. ह्याच माणसांना मी दोन वर्षं कचेरीच्या खिडकीतून ‘शुद्ध बोला’ म्हणून सांगत आलो.

राघू हौदापाशी थबकणार असं वाटलं. त्यानं नुसतं तिकडे पाहिलं आणि चालत राहिला. फाटक दिसायला लागलं. दोनशे पावलं असतील.

"इथून पुढे हा रोज असाच चालेल का?" साहेबांनी विचारलं.

"असाच चालेल."

"याची जबाबदारी तुम्ही घेता?"

"मी घेतो."

साहेबांची सहनशक्ती संपली. "जानेफळकर, माझेच शब्द मला परत देऊ नका. सरकारी प्रश्न आहे. जबाबदारी घेता का, एका शब्दात सरळ उत्तर द्या. नाहीतर मी नकार समजून इथंच मोकळा."

पिंजऱ्याचं दार उघडं दिसत होतं. माझ्या तोंडात हो तयार होता, दोन वर्षांचा, घासूनपुसून स्वच्छ केलेला. त्या एका शब्दानं राघू जागेवर थांबला असता आणि जंगलात गेला असता. मला एकदम भयंकर राग आला. साहेबांचा नाही, माझा. आई मरणाच्या आजारात असताना, घरातून निघताना मी तिला शेवटचं जे उत्तर दिलं ते आमच्याच भाषेत दिलं होतं. ती म्हणाली, येशील ना रे लवकर. मी म्हणालो, हाव माय. त्यात कसला लोभ होता?

"हाव," मी म्हणालो.

साहेब जागच्या जागी थांबले. राघू थांबला नाही.

"काय म्हणालात?"

"हाव म्हणालो साहेब. जबाबदारी घेतो."

"थांबा तिथं."

राघूला ‘थांबा’ येत नव्हतं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो आपल्या बैलाच्या चालीनं चालत राहिला आणि कासरा माझ्या हातात होता म्हणून मीही चालत राहिलो. सतरा वर्षांत साहेबाला मागे टाकून मी पहिल्यांदा पुढे गेलो. मागून अर्जुनराव हळूच म्हणाले, "बराबर हाय." ते मला म्हणाले की राघूला, ते मी विचारलं नाही.

फाटकापाशी अन्नपूर्णाबाईंनी राघूला वरून खालून न्याहाळलं.

"चालते तर खरं बाप्पा. माणसापेक्षा बरं चालते," त्या म्हणाल्या आणि अर्जावर ‘समाधान झाले’ म्हणून अंगठा उठवला. "माह्या कुरड्या मात्र गेल्याच. पुढच्या साली सुलभानं मले करू लागावं."

मागून साहेब धापा टाकत आले. कायद्यानं त्यांना काही करता येईना. एकच अडणं झालं होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं माफ केलं होतं. रिकामा पिंजरा गाडीबरोबर परत गेला. राघूला मी घरी सोडून, टोपी नीट करून, बरोबर साडेदहाला खुर्चीवर बसलो.

अकरा वाजता साहेबांकडून कागद आला. आवक नंबर मी दिला. आपण आज रोजी भर रस्त्यात, जनतेसमक्ष, वरिष्ठांशी बोलताना ‘हाव’ असा अशुद्ध शब्द उच्चारून परिपत्रकाचा भंग केला, हे खरे आहे काय? तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

तीन दिवस कशाला? मी दौत जवळ ओढली. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात शिवशिवला, काहीतरी भर घालावी असं वाटलं. नम्रपणे, आदरपूर्वक, परिस्थितीवशात, असे चांगले चांगले शब्द रांगेनं येऊन उभे राहिले. त्यांतला एकही मी घेतला नाही. कागदाच्या मधोमध, शाळेत गिरवतात तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवलं:

‘हाव.’